पाणी थांबलं तिथेच भोक पडलं: एका जुन्या ट्रॅक्टरच्या गळक्या टाकीचं प्रकरण

जूनच्या पहिल्या आठवड्यात काकांचा फोन आला. टाकी परत गळायला लागली होती. साबण चोळून झाला, पुटी लावून झाली, आता नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेतो, असं ते म्हणाले. मी म्हटलं, "काका, संध्याकाळपर्यंत थांबा, मी येतो. तोवर टाकीजवळ आग नको, वेल्डिंग तर अजिबात नको."

मी महापेच्या एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर आहे. काकांचं घर शिळफाटा ओलांडून कल्याण रस्त्यावर, खिडकाळीच्या पुढे आत. शेती भाताची, देसाई खाडीच्या अंगाला. ट्रॅक्टर पस्तीस अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा, काकांनी जुनाच घेतलेला. चाळीस लिटरची पत्र्याची टाकी बॉनेटखाली, इंजिनाच्या वर. म्हणजे गळलेलं डिझेल थेट इंजिनावर, स्टार्टरच्या वायरींवर पडणार. नासाडीपेक्षा मला भीती त्याची होती.

नासाडीही मोजली. रात्री नऊला गळतीखाली बाटली टांगली आणि सकाळी सहाला काढली. नऊ तासांत २७० मिलिलिटर, म्हणजे तासाला ३०, दिवसाला ७२०, महिन्याला साडेएकवीस लिटरच्या वर. लिटरला नव्वद रुपये धरले तर महिन्याचे एकोणीसशेहून जास्त रुपये मातीत. "थेंब थेंब तर गळतंय" म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही बाटली एकदा टांगून बघावी.

टाकी उतरवताना

आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं. मग कॉकखाली (टाकीच्या तोटीखाली) कॅन लावून डिझेल काढलं, ते सतरा लिटर भरलं. कॉकमधून डिझेल यायचं थांबल्यावर वाटलं टाकी रिकामी झाली. पण टाकी पुढच्या बाजूने कलती केली तर आत अजून काहीतरी हिंदकळलं. ते काचेच्या बरणीत ओतून घेतलं आणि दहा मिनिटं ओट्यावर ठेवलं. वर पिवळं डिझेल, मध्ये शेवाळासारखा काळपट बुळबुळीत थर, खाली चहासारखं तांबूस पाणी. पाणी मोजलं तर अर्ध्या लिटरच्या वर भरलं.

या प्रकरणाची किल्ली त्या बरणीतच होती. काका भोकाकडे बघत होते. मी विचार करत होतो की अर्धा लिटर पाणी आलं कुठून, आणि कॉक उघडल्यावर ते डिझेलबरोबर बाहेर का पडलं नाही.

पाणी डिझेलपेक्षा जड असतं, डिझेलची घनता ०.८२ ते ०.८५ च्या आसपास. त्यामुळे आत शिरलेला प्रत्येक थेंब तळाशी जाऊन बसतो. कॉकची नळी मात्र टाकीच्या तळापासून बोटभर वर असते. गाळ इंजिनाच्या डिझेल पंपाकडे जाऊ नये म्हणून ती मुद्दाम तशी ठेवलेली असते. नळीच्या खालचं पाणी काढायला तळाला वेगळा ड्रेन प्लग असतो. काकांच्या टाकीचा प्लग गंजून एकजीव झाला होता, वरून दोन वेळा रंगही बसला होता. तो कधी उघडला होता हे घरात कुणालाच आठवत नव्हतं.

मग ट्रॅक्टर उभा राहायची जागा बघितली. घरामागे पत्र्याची शेड आहे, जमिनीला उतार आहे आणि ट्रॅक्टर नेहमी तोंड उताराकडे करून उभा. टाकीतलं पाणी पुढच्या उजव्या कोपऱ्यात जमत होतं. कॉक मागे, प्लग मध्यावर. भोक बरोबर पुढच्या उजव्या कोपऱ्यात. नऊ-दहा वर्षं पाणी एकाच ओंजळीएवढ्या जागेवर बसून होतं, तिथला पत्रा आतून खाल्ला गेला होता.

पाणी आत येण्याच्या वाटा तीन सापडल्या. पहिली वाट झाकणाची. मूळ झाकण हरवलं होतं, त्या जागी दुसऱ्याच गाडीचं बसवलेलं, आतला वायसर गेलेला, पावसाळ्यात वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. पिशवीवर पाणी साचतं आणि बांधलेल्या दोरीवाटे आत झिरपतं. दुसरी वाट हवेची. टाकी अर्धी रिकामी ठेवली की वरच्या मोकळ्या जागेतली दमट हवा रात्री गार पत्र्याला लागते आणि आतून घाम धरते. ठाण्यात पावसाळाभर हवेत ओल असते, खाडीकाठी तर बारा महिने. तिसरी वाट कॅनची. पंपावरून आणलेलं डिझेल ज्या कॅनमधून ओतायचं, तो कॅन अंगणात उघडा.

बाहेरून गंज चढला तो आणखी एका कारणाने. टाकी दोन लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली असते आणि पट्टीखाली नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा, तुकडा असतो. चिखलणीचा चिखल, पावसाचं पाणी, खारा वारा, सगळं त्या नमद्याने वर्षानुवर्षं धरून ठेवलं होतं. पट्टी सोडून नमदा उचलला तर त्याबरोबर पत्र्याचा पोपडाच निघून आला. आतून पाणी आणि बाहेरून ओला नमदा असा दुहेरी मार होता.

वेल्डिंगला नाही का म्हटलं

वेल्डिंगवाला जुना ओळखीचा, हाताने चांगला. तो म्हणाला, "डिझेल आहे, पेट्रोल नाय. सायलेन्सरचा धूर आत भरतो आणि दहा मिनिटांत टाका मारतो." इथे जरा सविस्तर लिहितो, कारण हा समज सगळीकडे आहे आणि तो जीव घेऊ शकतो.

भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असतो. म्हणजे तेवढ्या तापमानाला डिझेलवर पेटू शकेल इतकी वाफ तयार होऊ शकते. मे-जूनच्या उन्हात पत्राच त्याहून जास्त तापतो. वेल्डिंगच्या ज्योतीजवळ तर पत्र्याच्या मागच्या अंगाला चिकटलेलं डिझेल उकळून वाफ होतं. आणि "रिकामी" टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण वाफेला मिसळायला आत हवा भरपूर असते. शिवणीत, आतल्या पत्र्याच्या पडद्यामागे, गंजाच्या पोपड्याखाली राहिलेलं चमचाभर डिझेलही पुरतं.

धुराची गोष्ट अशी. पेट्रोल इंजिनाच्या धुरात ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो. डिझेल इंजिनाचं तसं नसतं. ते नेहमी गरजेपेक्षा जास्त हवा ओढतं आणि नुसतं चालू ठेवलं असेल तर त्याच्या धुरात ऑक्सिजन पंधरा टक्क्यांच्या वर सहज राहतो. वाफ पेटू नये यासाठी तो साधारण अकरा टक्क्यांच्या खाली जावा लागतो. म्हणजे ट्रॅक्टरचा धूर भरून टाकी सुरक्षित होत नाही. आजवर काही झालं नाही, याचा अर्थ योग जुळला नाही एवढाच. मी हे त्याला समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, त्याबद्दल मला त्याचा आदर वाटला.

वेल्डिंग नको म्हणायला आणखी एक कारण होतं. भोकाभोवतीचा पत्रा गंजून कागदासारखा झाला होता. त्यावर वेल्डिंगचा टाका धरत नाही, पत्रा जळून भोक वाढत जातं. अशा पत्र्याला कमी तापमानाचं काम हवं, म्हणजे कथील-शिशाचा डाख. साठ-चाळीसचा डाख १९० अंशांच्या आतच वितळतो. पण तापलेला खय्या (डाख वितळवायचं तांब्याच्या टोकाचं हत्यार) त्याहून बराच गरम असतो आणि डिझेलची वाफ ज्योत नसतानाही साधारण २१० अंशांच्या पुढे आपोआप पेट घेऊ शकते. त्यामुळे डाखासाठीसुद्धा टाकी तितकीच स्वच्छ हवी. यात सवलत नाही.

धुलाई आणि गंज

फ्लोट, कॉक, जाळी, ओव्हरफ्लोचा नट, सगळं काढलं. ड्रेन प्लगला दोन दिवस गंज सोडवणारं तेल पाजलं, मग पान्याने थोडं पुढे, थोडं मागे करत तो सुटला. गरम पाणी आणि कपडे धुण्याची पावडर घालून टाकी हलवून हलवून चार वेळा धुतली. चौथ्या पाण्यावर तेलाची तवंगरेषा दिसेनाशी झाली, वासही गेला. धुतलेलं पाणी ओढ्यात सोडलं नाही. पिंपात निवू दिलं, वर आलेलं तेल वेगळं काढून जुन्या ऑइलच्या डब्यात घातलं. आमचा ओढा खाडीला मिळतो आणि त्या खाडीची मासळी आम्हीच खातो.

आतले पोपडे पाडायला काका खडी टाका म्हणाले. मी नको म्हटलं. टाकीच्या आत डिझेल हिंदकळू नये म्हणून पडदा असतो, त्यामागे अडकलेला खडा पुढे वर्षभर खडखडतो आणि कॉकच्या तोंडाशी येऊन बसतो. त्याऐवजी दोन मीटरची बारीक साखळी आत सोडली, एक टोक बाहेर तारेने बांधून. अर्धा तास टाकी गोधडीवर लोळवली. साखळी ओढून काढली की काम झालं, आत काही राहत नाही.

उरलेल्या गंजाला लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड. लिटरला पन्नास ग्रॅम, चाळीस लिटरला दोन किलो. भोकावर तात्पुरती पुटी लावली, कोमट पाण्यात लिंबूफूल विरघळवून टाकी काठोकाठ भरली. दर चार तासांनी थोडं काढून बघायचं, आत टॉर्च मारायचा. हायड्रोक्लोरिक ॲसिडने हे तासाभरात झालं असतं, पण ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं, त्याच्या वाफा छातीत जातात आणि शिवणीत राहिलेला अंश नंतर परत गंज चढवतो. लिंबूफूल सावकाश खातं. तेही विसरून दोन दिवस ठेवलं तर पत्रा खाईलच, म्हणून घड्याळ लावून बसायचं. आमच्या टाकीला वीस तास लागले. पाणी हिरवट काळं झालं आणि आतला पत्रा राखाडी दिसायला लागला.

याच टप्प्यावर काकांचा चेहरा उतरला. एक भोक होतं तिथे पाच झाली. "ॲसिडनं टाकी खाल्ली," ते म्हणाले. खाल्ली नव्हती. ती चारही भोकं आधीपासून होती, गंजाने बुजलेली होती इतकंच. चिखलणीच्या हिसक्यांनी तो गंज सुटला असता आणि तेव्हा ट्रॅक्टर वावरात असता. आज ती ओट्यावर दिसली, हे बरंच झालं.

मग धुण्याच्या सोड्याचं पाणी, फेस येणं थांबेपर्यंत. नंतर दोन साधी पाणी. आणि लगेच वाळवणं. गंज काढलेला उघडा पत्रा आमच्या हवेत तासाभरात परत तांबूस होतो. शेजारच्या पंक्चरवाल्याचा कंप्रेसर आणला आणि तोंडातून हवा मारत राहिलो, मग टाकी तापलेल्या पत्र्याच्या छपरावर तीन तास पालथी. नशीब, त्या दिवशी ऊन होतं.

ठिगळ

टोच्याने तळ तपासला. जिथे टोच्याचं टोक पत्र्यात दबतं, तिथला पत्रा गेला असं समजायचं. खडूने हद्द आखली, हाताच्या तळव्याएवढी जागा आली. ती सगळी पत्र्याच्या कात्रीने कापून काढली, ग्राइंडर लावला नाही. पाच भोकांना पाच थेंब डाख देऊन काम भागलं असतं असं वाटू शकतं, पण थेंबाच्या कडेचा कच्चा पत्रा सहा महिन्यांत परत फाटतो. ठिगळ नेहमी निरोगी पत्र्यावर बसलं पाहिजे.

तळाचा निम्म्याहून जास्त भाग दबला असता किंवा शिवण गेली असती, तर मी टाकी सरळ भंगारात द्यायला सांगितलं असतं आणि कुर्ल्याच्या बाजारात जुनी टाकी शोधली असती. आमचं नुकसान एका कोपऱ्यात होतं, म्हणून दुरुस्ती परवडली.

ठिगळाला घरात पडलेला गॅल्वनाइज्ड पत्रा काकांनी पुढे केला. तो घ्यायचा नाही. जस्त डिझेलमध्ये हळूहळू विरघळतं आणि त्याची पुटं इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोजलच्या तोंडाशी बसतात. वीस गेजचा साधा काळा पत्रा आणला.

डाखाचं काम मी स्वतः केलं नाही. मुंब्र्यात एक रेडिएटर दुरुस्त करणारा आहे, आयुष्यभर हेच काम केलेला माणूस. गळक्या टाकीसाठी वेल्डरपेक्षा रेडिएटरवाला गाठावा, हे माझं ठाम मत आहे. त्यांनी टाकी आधी नाकाला लावून हुंगली, मग परत एकदा गरम पाण्याने धुतली, तेव्हाच माझा जीव भांड्यात पडला. पत्रा पॉलिश पेपरने चमकवला, डाख धरावा म्हणून जस्त मारलेलं तेजाब (जस्त विरघळवलेलं ॲसिड) लावलं, खय्या नवसागरावर घासून कल्हईसारखा चकचकीत केला. टाकीच्या कडेला आणि ठिगळाला आधी वेगवेगळा कथलाचा हात दिला, मग एकावर एक ठेवून खय्याने तापवत दाबत नेलं, म्हणजे डाख दोन पत्र्यांच्या मध्ये वितळून पसरतो. कडेने नुसती रेघ ओढलेला डाख ट्रॅक्टरच्या थरथरीने सुटतो. त्यांनी सगळीकडून पाऊण इंच पत्रा एकावर एक ठेवला. डाखाची ताकद त्या रुंदीत असते.

शेवटी त्यांनी सोड्याच्या गरम पाण्याने जोड धुतला. तेजाबाचा अंश राहिला तर ठिगळाभोवती महिन्याभरात गंजाची कडा उठते. डाख पक्का असूनही टाकी परत गळते आणि दोष डाख मारणाऱ्याला लागतो.

आतून एपॉक्सीचं अस्तर द्यावं का, हा विचार केला होता. दिलं नाही. अस्तर पूर्ण कोरड्या, गंजमुक्त पत्र्यावरच धरतं आणि जूनच्या हवेत पडद्यामागचा पत्रा तितका कोरडा आहे याची खात्री मला देता येत नव्हती. धरलं नाही तर त्याचे पापुद्रे फिल्टरमध्ये येतात. उन्हाळ्यात वेळ हाताशी असता तर कदाचित दिलं असतं.

तपासणी

हवेचा दाब मारून साबणाचं पाणी लावायची पद्धत आहे, पण पातळ पत्र्याची टाकी तीन-चार पौंडांतही फुगते आणि कंप्रेसरवर तेवढा बारीक दाब धरणं अवघड. आम्ही टाकी पाण्याने भरली, झाकणाच्या तोंडाला रबराचं बूच आणि त्यातून पारदर्शक नळी. नळी दीड मीटर वर धरून पाण्याने भरली. तेवढ्या उंचीचं पाणी दोन पौंडांहून थोडा जास्त दाब देतं, वेगळं मीटर लागत नाही. रात्रभर ठेवलं, सकाळी नळीतली पातळी तिथेच.

यावर थांबलो असतो तर फसलो असतो. पाणी जिथे अडतं तिथून डिझेल पाझरतं, कारण त्याचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. टाकी वाळवून बाहेरून जोडांवर आणि शिवणींवर खडूची पातळ पेस्ट फासली, वाळू दिली आणि आत पाच लिटर डिझेल घालून टाकी आळीपाळीने सगळ्या कुशींवर ठेवली. ठिगळ कोरडं. पण कॉकच्या नटाच्या मुळाशी खडूवर नखाएवढा ओला डाग उठला. परत मुंब्रा, परत सगळी धुलाई, परत डाख. एक दिवस गेला. तो गेला नसता तर डिझेल स्टार्टरवर टपकलं असतं.

बसवताना नमदा फेकून दिला आणि पट्ट्यांखाली नायट्राइल रबराच्या पट्ट्या घातल्या, त्या पाणी पीत नाहीत. डिझेलच्या नळ्या जोडणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर नवे. झाकण नवं आणून त्याचं श्वासाचं छिद्र सुईने तपासलं. ते बुजलं तर टाकीत पोकळी तयार होते आणि तासाभराने इंजिन डिझेलवाचून गुदमरतं. दोन्ही फिल्टर नवे. डिझेल पंपाच्या प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरलमधली (त्याच्या नळीमधली) फट दोन-चार मायक्रॉनची असते, तिथे गंजाचा एक कणही सुरीसारखा चालतो. एवढी मेहनत करून जुना फिल्टर तसाच ठेवणं मला पटलं नसतं. डिझेलच्या नळ्यांतली एअर काढली, तिसऱ्या फेरीला इंजिन धरलं. पंधरा तास चालल्यावर पहिला फिल्टर परत बदलला, त्यात काळी भुकटी होती, अपेक्षेइतकीच.

खर्च असा: डाख दोन वेळचा मिळून १,४००, फिल्टर, झाकण, वायसर आणि रबर मिळून साधारण १,६००, लिंबूफूल आणि सोडा ५००. म्हणजे दोन महिन्यांत मातीत गेलं असतं त्याहून कमी.

ट्रॅक्टर आता उताराला पाठ करून उभा राहतो, म्हणजे पाणी मागे, कॉकखालच्या अंगाला येतं. ड्रेन प्लगला ग्रीस लावला आहे आणि तो दर पंधरा दिवसांनी उघडायचं काम काकांच्या धाकट्या मुलाकडे दिलं आहे. संध्याकाळी ट्रॅक्टर शेडमध्ये आला की टाकी भरायची, सकाळवर ठेवायची नाही. डिझेलचा कॅन घरात आला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात चिखलणी झाली, सलग चार दिवस, गुडघाभर चिखलात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर धुवायला काढला तेव्हा मी मुद्दाम गेलो. चुलतभावाने प्लग उघडून बरणीत डिझेल धरलं. दहा मिनिटांनी बरणीच्या तळाशी चमचाभर पाणी दिसलं, पांढरं, तांबूस नाही. त्याने ते वहीत लिहून ठेवलं आणि प्लग परत आवळला.